मोठं, काळं आणि देशी: आम्ही काजळला जिथून आणलं त्या शेल्टरचा रिव्ह्यू

पुण्याच्या जरा बाहेर असलेल्या एका छोट्या शेल्टरमधून आम्ही गेल्या वर्षी आमच्या कुत्रीला, काजळला, घरी आणलं. शेल्टरचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, कारण पत्ता असा उघड फिरायला लागला की लोक रात्री गेटबाहेर पिल्लांचे खोके ठेवून निघून जातात, तिथल्या ताईंनीच सांगितलंय की नाव टाकू नका. ज्यांना खरंच घ्यायचंय त्यांनी मला विचारा, मी नंबर देते. पण लिहायचं तर होतंच, कारण दत्तक देणारी संस्था कशी आहे हे कुत्रं घरी आल्यावरच कळतं आणि हे लोक त्यात फार म्हणजे फार चांगले निघाले.

आम्ही गेलो होतो पिल्लू बघायला. सगळेच पिल्लू बघायला जातात. ताईंनी आधी आमचा दिवस कसा जातो ते विचारलं, मी आणि नवरा दोघं नोकरीला, घरी फक्त आप्पा म्हणजे माझे सासरे, त्यांचे गुडघे दुखतात. मग त्या सरळ म्हणाल्या की तुम्हाला पिल्लू झेपणार नाही, पिल्लाला दर दोन-तीन तासांनी शू लागते, लसी पूर्ण होईपर्यंत पार्वो या जीवघेण्या आजाराच्या भीतीने खाली रस्त्यावर नेता येत नाही, आणि दात येताना ते घरातलं सगळं चावतं, तुम्ही मोठं कुत्रं बघा. आणि काजळला समोर आणलं. हायवेवर गाडीने उडवलेली, मागच्या पायात प्लेट, दातांवरून वय दोनेक वर्षं असेल असं डॉक्टरांचं म्हणणं. शेल्टरमध्ये ती बरेच महिने होती कारण ती काळी कुळकुळीत आहे, मोबाईलच्या फोटोत काळ्या कुत्र्याचे डोळेच दिसत नाहीत, त्यामुळे फोटो बघून कुणाचा फोनच येत नाही. हे ऐकून मला फार वाईट वाटलं होतं. प्रत्यक्षात तिचे डोळे मधाच्या रंगाचे आहेत.

फॉर्म भलामोठा आहे. घर भाड्याचं की स्वतःचं, भाड्याचं असेल तर मालकाचं पत्र, बाल्कनीला ग्रिल आहे का, गावी गेलात तर कोण सांभाळणार, घरात सगळ्यांची तयारी आहे का, आणि मग एक मुलगी घर बघायला येते आणि आप्पांशी वेगळं बोलते. काही लोकांना याचा राग येतो, आमच्या ओळखीतले एक गृहस्थ तर म्हणाले की रस्त्यावरचं कुत्रं घ्यायला एवढी चौकशी कशाला. मला उलट त्यानेच विश्वास वाटला, कारण ही माणसं कुत्रं खपवायला बसलेली नाहीत. पैसे घेत नाहीत, देणगी द्यायची तर द्या. नसबंदी झालेली होती, अँटी रेबीज आणि नाइन-इन-वन (बऱ्याच आजारांची एकत्र लस) दोन्हींच्या तारखा कार्डावर नीट लिहिलेल्या. ते कार्ड जपून ठेवा, महापालिकेच्या लायसन्सला रेबीजच्या लसीचा पुरावा लागतो. तिच्या कानाला छोटासा कट आहे, सोसायटीतली मुलं विचारतात की कुणी कापला, तर ती नसबंदीची खूण आहे, भूल दिलेली असतानाच करतात म्हणजे रस्त्यावरचं तेच कुत्रं परत पकडलं जाऊ नये.

घरी आल्यावर ती डायनिंग टेबलाखाली गेली आणि तिथेच राहिली. ताईंनी आधीच सांगितलं होतं, तीन दिवस बावरलेली असते, तीन आठवड्यांत घराचं वेळापत्रक कळायला लागतं, तीन महिन्यांत घर आपलं वाटतं, हा ढोबळ हिशोब, कुणाला जास्तही लागतात. ओढून बाहेर काढू नका, डोक्यावरून हात फिरवायला वाकू नका, पाहुणे बोलवू नका. कुकरची शिट्टी झाली की ती थरथरायची, केरसुणी दिसली की भिंतीला चिकटायची (कुणीतरी मारलेलं असणार, दुसरं काय). आप्पांनी मात्र कमाल केली, रोज सकाळी पेपर घेऊन त्या टेबलाशेजारी खुर्ची टाकून बसायचे आणि तिच्याकडे न बघता बातम्या मोठ्याने वाचायचे. ती हळूहळू त्यांच्या चपलेवर हनुवटी टेकवून झोपायला लागली. आता सकाळचा फेरा आप्पांचाच असतो, ती त्यांच्या चालीने चालते, माझ्याबरोबर असली की ओढते.

हार्नेस, म्हणजे छातीभोवती बांधायचा पट्टा, शेल्टरनेच दिला आणि पहिले काही महिने दोन पट्टे लावा असं बजावलं, एक हार्नेसला आणि एक गळ्यातल्या कॉलरला, कारण घाबरलेलं कुत्रं मागे सरकून कॉलरमधून डोकं काढतं आणि पळतं, आणि नवीन कुत्र्याला परत यायला घर कुठे माहीत असतं. एकदा गेटजवळ बाईकचा सायलेन्सर फुटल्यासारखा वाजला आणि ती खरंच कॉलरमधून सुटली, हार्नेसमुळे हातात राहिली. हा सल्ला मी आता प्रत्येकाला देते.

आणि आता मुख्य गोष्ट. पावसाळ्यात एके दिवशी तिने जेवण सोडलं. चिकन-भात समोर आणि ती तोंड फिरवतेय. मला वाटलं पोट बिघडलं असेल, शेल्टरच्या ग्रुपवर मेसेज टाकला, रात्रीचे साडेदहा वाजले होते. ताईंचा लगेच फोन आला, हिरडीचा फोटो काढून पाठवा म्हणाल्या, फोटो बघून म्हणाल्या पांढरट दिसतेय, उद्या सकाळी पहिलं काम रक्त तपासा, प्लेटलेट्स बघा. निघाला टिक फीव्हर, एर्लिकिया. गोचिडीतून होतो, पुण्यात हे दुखणं खूप आहे आणि उशीर झाला तर कुत्रं हातचं जातं. सुमारे महिनाभर डॉक्सीसायक्लिन, ते रिकाम्या पोटी दिलं की उलटी होते म्हणून आधी दोन घास भात, ही युक्तीही त्यांचीच. शिवाय त्यांनी सांगितलं म्हणून आम्ही घराच्या भिंतींच्या भेगा, दाराच्या चौकटी, तिच्या गादीच्या शिवणी सगळं तपासलं, कारण ही तपकिरी गोचीड घरातच हजारो अंडी घालते, फक्त कुत्र्याच्या अंगावरच्या वेचून काही होत नाही. आता डॉक्टरांच्या सल्ल्याने गोचिडीवरची गोळी चालू आहे, नेक्सगार्ड महिन्याला एक असते, ब्राव्हेक्टो साधारण बारा आठवडे चालते, महाग आहेत पण टिक फीव्हरच्या बिलापुढे काहीच नाहीत. दत्तक देऊन इतके महिने झाल्यावर रात्री फोन उचलणारी माणसं मला दुसरीकडे कुठे भेटली नाहीत.

सोसायटीत लिफ्टवरून कटकट झाली. तेव्हाही त्यांनी ॲनिमल वेल्फेअर बोर्डाच्या मार्गदर्शक सूचनांची प्रत पाठवली, सोसायटीला बहुमताने ठराव करूनही पाळीव कुत्र्यावर बंदी घालता येत नाही आणि लिफ्ट वापरू नका असंही म्हणता येत नाही. पण त्याबरोबर हेही सांगितलं की भांडू नका, शी उचलायची पिशवी कायम हातात दिसू दे आणि ज्यांना भीती वाटते त्यांना आधी लिफ्ट जाऊ द्या. तसं केलं, आता सगळं शांत आहे.

आमचं घर नदीपात्राजवळ, त्यामुळे गणपतीच्या कितीतरी आधीपासून ढोल पथकांचा सराव सुरू होतो. मला स्वतःला ढोल प्रचंड आवडतो, पण काजळसाठी ते आठवडे कठीण असतात. संध्याकाळचा फेरा सराव सुरू व्हायच्या आधी उरकतो, मग आतल्या खोलीत पंखा फुल, खिडक्या बंद, आणि आप्पा शेजारी. दिवाळीला डॉक्टरांनी दिलेली गोळी. माणसांची गोळी मनाने देऊ नका, क्रोसिनसुद्धा नाही.

खाण्याबद्दल मात्र शेल्टरकडून जास्त माहिती मिळायला हवी होती, एक छापील कागद दिला असता तर बरं झालं असतं. कांदा-लसूण नाही, चॉकलेट नाही, आणि द्राक्षं-मनुके अजिबात नाहीत, किडनीवर जातात. आपल्याकडे पूजा झाली की प्रसादाचा शिरा कुणीतरी प्रेमाने कुत्र्यापुढे ठेवतं आणि त्यात मनुके असतात, म्हणून हे घरातल्या सगळ्यांना सांगावंच लागतं. दुसरी तक्रार, पिल्लांच्या सीझनला त्यांचा फोन लागत नाही, फॉर्म भरल्यावर आम्हाला बरेच दिवस उत्तरच आलं नव्हतं. माणसं कमी आहेत आणि जनावरं जास्त, हे तिथे गेल्यावर दिसतं, तरी एक "फॉर्म मिळाला" एवढा मेसेज आला तर माणूस दुसरीकडे जाणार नाही. पाचपैकी साडेचार माझ्याकडून, तो अर्धा याचा.

खर्च आम्हाला जेवण, गोळ्या आणि डॉक्टर धरून महिन्याला साधारण 3 ते 4 हजार येतो, आजारपणाचा महिना वेगळा.

मागच्या रविवारी आम्ही तिथे गेलो होतो तेव्हा काजळबरोबर त्याच पिंजऱ्यात राहिलेली एक म्हातारी काळी कुत्री अजून तिथेच होती, फार शांत आहे, ज्यांच्या घरी आजी-आजोबा दिवसभर असतात त्यांनी तिला नक्की बघा. भेटायचं तर शनिवार-रविवारी दुपारनंतर, फोन करून जा, आणि जाताना जुन्या चादरी आणि पेपरची रद्दी न्या, त्यांना रोज लागते.