मराठी लिहिणाऱ्याने विम घ्यावा की ईमॅक्स?

विम आणि ईमॅक्स हे कोड लिहायचे दोन जुने एडिटर. ज्यांना कोड आणि मराठी मजकूर एकाच फाइलमध्ये लिहावा लागतो, अशांपुरतंच हे आहे. व्हीएस कोड या एडिटरवर ज्यांचं नीट भागतंय त्यांनी खुशाल तिथेच राहावं. माझं काम कोल्हापुरात उद्यमनगरातले कारखानदार आणि मार्केट यार्डातले गुळाचे अडते यांच्यासाठी बिलिंगचे प्रोग्राम लिहिण्याचं. पावती मराठीत, मेसेज मराठीत, एरर आली तर तीही मराठीतच हवी. त्यामुळे दर चार ओळींमागे भाषा बदलणं आलंच.

विमवर मी कित्येक वर्षं काम केलं आणि आजही त्याच्याविषयी वाईट बोलवत नाही. कर्सर अवतरणचिन्हांच्या आत कुठेही असू दे, सी, आय आणि अवतरणचिन्ह अशा तीन कळा दाबल्या की आतला मजकूर पुसला जातो आणि लगेच नवा लिहिता येतो. हाताला हे वळण पडलं की माउस आठवत नाही. कळांनीच कमांड द्यायची ही मूळ चाल बिल जॉयच्या 1976 च्या व्हीआय या एडिटरची, अवतरणचिन्हांच्या आतलं नेमकं पकडणं मात्र विमचं. ब्रॅम मूलेनार यांनी 1991 मध्ये विम आणला आणि 2023 मध्ये जाईपर्यंत सांभाळला. लिनक्सच्या बहुतेक सर्व्हरवर दोघांपैकी एक असतोच.

माझं घोडं अडलं ते कीबोर्डपाशी. मी इनस्क्रिप्टवर, म्हणजे भारतीय भाषांच्या प्रमाण कीबोर्डवर, टाइप करतो. पावतीची ओळ लिहिली, एस्केप दाबला, खालच्या ओळीवर जायला जे दाबला, तर विमच्या हातात पडतो 'र'. सेव्ह करायला कोलन दाबावा तर 'छ'. एस्केपनंतर विम ज्यात कमांड घेतो त्या नॉर्मल मोडला यातलं काहीच कळत नाही. मग कीबोर्ड इंग्रजीवर आणा, कमांड द्या, परत मराठीवर जा. पलीकडे फोनवर अडत्या पावतीसाठी खोळंबलाय आणि आपण भाषा बदलत बसलोय, याचा मला फार त्रास व्हायचा.

विममध्ये यावर कीमॅपचा, म्हणजे कुठल्या कळेला कोणतं अक्षर हे सांगणाऱ्या फाइलचा, उपाय आहे. तशी फाइल बसवली की मराठी लिहिण्याच्या इन्सर्ट मोडपुरतीच राहते. मी बसवली होती, चांगली चालायची. पण मग दिसण्याचा प्रश्न उरला. माझ्या टर्मिनलमध्ये 'गुऱ्हाळ' लिहिलं की पाय मोडलेला ऱ् एकीकडे, ह दुसरीकडे, आणि कर्सर दिसतो तिथे ते अक्षर नसतं. काही टर्मिनल यात बरी असतील, माझं मात्र समाधान झालं नाही.

ईमॅक्समध्ये देवनागरीची सोय आतच आहे. मशीनचा कीबोर्ड इंग्रजीवरच ठेवायचा. कंट्रोल आणि बॅकस्लॅश दाबलं की पहिल्यांदा टाइप करायची पद्धत विचारतो, तिथे 'देवनागरी-इनस्क्रिप्ट' सांगायचं. अक्षरं तेवढी मराठी उमटतात, कंट्रोल-ऑल्टच्या कमांड चालू राहतात, आणि तीच कळ पुन्हा दाबली की मराठी बंद. 2020 च्या 27 व्या आवृत्तीपासून अक्षरजोडणीला हार्फबझ नावाची लायब्ररी आहे, त्यामुळे स्वतंत्र खिडकीत उघडलेल्या ईमॅक्समध्ये जोडाक्षरं छापल्यासारखी दिसतात. वेलांटी चुकली तर बॅकस्पेसने वेलांटीच जाते, अक्षर शाबूत राहतं.

विमची सवयही सोडावी लागत नाही, कारण ईव्हिल नावाचं पॅकेज त्याच कळा ईमॅक्समध्ये आणतं. एस्केप दाबला की ईव्हिल मराठी आपोआप बाजूला ठेवतं, पुन्हा लिहायला लागलं की परत आणून देतं. माझा निकाल इथेच लागला.

ईमॅक्स उघडायला विमइतका चपळ नाही. ई-लिस्प या ईमॅक्सच्या स्वतःच्या भाषेतली सेटिंगची फाइल नवख्याला सुरुवातीला जड जाते, आणि ती सजवण्यात वेळही बराच जातो. एकच लांबलचक ओळ असलेल्या फाइलवर तो पूर्वी अडखळायचा, 2023 च्या 29 व्या आवृत्तीत ते पुष्कळ सुधारलं.

मराठी क्वचितच टाइप करत असाल आणि दिवस दूरच्या सर्व्हरवरच जात असेल, तर विम घ्या, माझी काही हरकत नाही. मराठी रोजची असेल तर मला वाटतं ईमॅक्स आणि ईव्हिलची जोडीच बरी पडेल. तरीही आधी विमट्यूटर हा विमसोबत येणारा सराव करून घ्या. अर्ध्या तासाचं काम आहे आणि त्या कळा पुढे ईव्हिलमध्ये कामी येतात. इनस्क्रिप्ट येत नसेल तर 'देवनागरी-आयट्रान्स' निवडा, त्यात रोमन अक्षरांत टाइप केलेलं देवनागरीत उमटतं.