राखाडी शाईची बाटली आणि घरचे कृष्णधवल प्रिंट

कृष्णधवल फोटोत रंग नसतात, म्हणून तो छापायला सोपा, असा ज्यांचा समज असेल त्यांनी चार रंगांच्या साध्या इंकजेटवर एकदा तरी असा फोटो काढून पाहावा. माझ्या जुन्या प्रिंटरवर आईचा एक फोटो मी सात-आठ वेळा छापला असेन. गिरगावातल्या चाळीच्या गॅलरीत कठड्याला टेकून उभी असलेली आई; वडिलांनी ३५ मिमीच्या फिल्मवर टिपलेला हा फोटो निगेटिव्हवरून मीच स्कॅन केला होता. ट्यूबलाइटखाली तो हिरवट दिसे आणि तोच कागद खिडकीपाशी नेला की गुलाबी. दोष फोटोचा नव्हता. चार रंगांचा प्रिंटर राखाडी छटा बहुतांशी निळसर, किरमिजी आणि पिवळी शाई मिसळून तयार करतो, आणि हे मिश्रण प्रत्येक उजेडात वेगळे दिसते. केवळ काळी शाई वापरायला लावली तर रंग जातो. परंतु फिकट भागात पांढऱ्या कागदावर विरळ पडलेले काळे ठिपके डोळ्यांना टोचू लागतात.

गेले वर्षभर मी कॅननचा पिक्स्मा जी५७० वापरत आहे, आणि कमी खर्चात घरी कृष्णधवल प्रिंट काढू इच्छिणाऱ्यांनी त्याचा गांभीर्याने विचार करावा, असे माझे मत झाले आहे. हा टाकीचा प्रिंटर आहे, म्हणजे कार्ट्रिजऐवजी बाटलीतून शाई भरायची. नेहमीच्या चार रंगांखेरीज त्यात लाल आणि राखाडी अशा दोन शाया आहेत, आणि आपल्या कामाची आहे ती राखाडी. फिकट छटांसाठी विरळ काळ्या ठिपक्यांऐवजी दाट पण सौम्य राखाडी ठिपके पडतात, त्यामुळे आकाश, भिंत, चेहऱ्यावरचा उजेड हे सारे सलग उतरते. आईच्या नऊवारीचा पदर आधीच्या प्रिंटमध्ये पांढरा ठिगळासारखा दिसत होता. या प्रिंटमध्ये त्याच्या चुण्या मोजता येतात आणि कठड्याच्या गजांची साडीवर पडलेली सावली गुडघ्यापर्यंत स्पष्ट दिसते. प्रकाश बदलला की छटा किंचित उबदार किंवा थंड वाटते, हे खरे आहे, परंतु तो हिरवा-गुलाबी खेळ संपला.

मात्र यंत्र आणले आणि बटण दाबले, इतके हे सोपे नाही. सर्वाधिक फरक कागदाने पडतो. मी फोर्टमधल्या बोरा बाजारातून चकचकीत, अर्धचकचकीत आणि मॅट अशा तिन्ही प्रकारच्या कागदांची लहान पाकिटे आणली आणि प्रत्येकावर शुद्ध काळ्यापासून शुद्ध पांढऱ्यापर्यंत २१ पायऱ्यांची राखाडी पट्टी छापली. अर्धचकचकीत कागदावर काळ्याकडच्या शेवटच्या दोन पायऱ्या एकमेकींत मिसळल्या, मॅटवर चार. म्हणजे ज्या फोटोचा जीव सावल्यांत आहे, तो मॅटवर छापण्याआधी त्याचे गडद भाग थोडे उजळून घेतलेच पाहिजेत. ड्रायव्हरमध्ये, म्हणजे संगणकावरून प्रिंटर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, कागदाचा प्रकार अचूक निवडणेही तितकेच आवश्यक आहे, कारण किती शाई सोडायची हे प्रिंटर त्यावरूनच ठरवतो; साधा कागद निवडून फोटोपेपर घातला तर काळा रंग धुरकट येतो. ए-४ प्रिंटसाठी ३०० पीपीआयने, म्हणजे दर इंचाला ३०० पिक्सेल धरून, २४८० बाय ३५०८ पिक्सेल लागतात, एवढे स्कॅन करतानाच लक्षात ठेवावे.

खर्चाचे म्हणाल तर टाकीच्या प्रिंटरमध्ये शाई हा चिंतेचा विषय उरत नाही, खरा खर्च चांगल्या कागदाचा होतो. म्हणून चाचणीच्या पट्ट्या मी ए-४ कागदाचे चार तुकडे करून त्यांवर काढतो. वाया गेलेली शाई जिथे साठते ती मेंटेनन्स कार्ट्रिज घरच्या घरी बदलता येते, ही सोय मला फार मोलाची वाटते.

मुंबईच्या पावसाळ्याचे मात्र वेगळे पाहावे लागते. जुलैत उघडे राहिलेले कागद कडांना वळतात आणि ताजा प्रिंट बराच वेळ दमट राहतो. मी कागद हवाबंद पिशवीत सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवतो, प्रिंट पूर्ण दिवसभर पंख्याच्या थेट झोताबाहेर सुकू देतो आणि मगच फ्रेममध्ये घालतो. आठवड्यातून एकदा नोझल चेकची, म्हणजे शाई सोडणारी बारीक छिद्रे तपासण्याची, पट्टी काढली की शाई नोझलमध्ये वाळत नाही. सहाही शाया डाय प्रकारच्या, म्हणजे द्रवात विरघळलेल्या रंगाच्या आहेत; रंगाचे सूक्ष्म कण असलेल्या पिगमेंट शाईइतक्या त्या टिकत नाहीत, तेव्हा प्रिंट काचेमागे आणि थेट उन्हापासून दूर लावावा. ज्यांना प्रदर्शनात विकण्यासाठी प्रिंट काढायचे आहेत त्यांनी दहा शायांच्या पिगमेंट प्रिंटरकडेच वळावे; त्याची किंमत आणि शाईचा खर्च दोन्ही वेगळ्याच पातळीवरचे आहेत.

जी५७० ए-४ पर्यंतच छापतो. ज्यांना ए-३ हवा आहे त्यांच्यासाठी एप्सनच्या एल८१८० मध्येही राखाडी शाई आहे आणि तो ए-३ प्लसपर्यंत, म्हणजे ए-३ हून थोड्या मोठ्या कागदापर्यंत, जातो, पण त्यासाठी खिसा बराच सैल करावा लागेल. माझ्यापुरते म्हणाल तर आईचा फोटो ए-४ वर पुरेसा मोठा आहे. तो आता दिवाणखान्यात खिडकीसमोरच्या नव्हे, तर आतल्या भिंतीवर लावला आहे.