टीटी-०२ घ्यावी की बेल्टची गाडी? क्लबात आर.सी. टूरिंग सुरू करणाऱ्यांसाठी

शाळेच्या किंवा लेझर सेंटरच्या (सार्वजनिक क्रीडा-केंद्राच्या) हॉलमध्ये करडं कार्पेट अंथरलेलं असतं आणि त्यावर रिमोटवर चालणाऱ्या, एक-दशांश मापाच्या गाड्या सुसाट पळत असतात. हे एकदा पाहिलं की माणूस दुसऱ्याच दिवशी किमती शोधायला बसतो. मग अडतं ते एकाच ठिकाणी: तामियाची टीटी-०२ घ्यावी, की एक्सरे, शूमाकर, योकोमो या कंपन्यांची कार्बन फायबरची, बेल्टवर चालणारी गाडी घ्यावी? मी लिहितोय ते ब्रिटनमधल्या हॉलमधल्या क्लबांना धरून, कारण माझा वावर तिथला. गाड्यांचं गणित मात्र कुठेही तेच.

आधी निकाल सांगतो, कारणं मागाहून. तुमच्या क्लबात टीटी-०२ची वेगळी हीट, म्हणजे फक्त त्याच गाड्यांची छोटी शर्यत, होत असेल तर बिनधास्त टीटी-०२ घ्या आणि तिला फार नटवू नका. तशी हीट नसेल तर दोन-तीन वर्षं जुनी, वापरलेली बेल्टची गाडी घ्या. टीटी-०२ घेऊन तिला हळूहळू बेल्टच्या गाडीच्या पंगतीला बसवायचं, हा तिसरा मार्ग मोहाचा आहे आणि बहुतेक नवखे त्याच वाटेला लागतात. तो घेऊ नका. तिथे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला होतो.

दोन्ही गाड्या उघडून पाहिल्यावर

मापं जवळपास सारखीच: रुंदी साधारण १९० मि.मी., व्हीलबेस २५७ मि.मी.च्या आसपास, चारही चाकांना ओढ. पुढे सगळं वेगळं.

टीटी-०२ बाजारात आली २०१३ मध्ये. चॅसिस म्हणजे प्लास्टिकची एक खोल परात. मोटर गाडीच्या लांबीला समांतर बसते आणि मधल्या शाफ्टने पुढची-मागची चाकं फिरतात. दात बंद डब्यात असल्यामुळे कार्पेटचे तंतू आत जात नाहीत. वर्षभर उघडली नाही तरी गाडी कुरकुरत नाही. पण मोटर लांबीत बसवल्याचा एक परिणाम हातात धरूनही कळतो. गाडी उचला आणि थ्रॉटलला झटका द्या, सगळी गाडी एका बाजूला कलते. ट्रॅकवर वळणातून बाहेर पडताना हाच झटका एका बाजूच्या चाकांवर जातो, म्हणून डाव्या आणि उजव्या वळणात ती थोडी वेगळी वागते.

बेल्टच्या गाडीत मोटर आडवी. मधल्या शाफ्टवरून एक आखूड बेल्ट मागे, एक लांब बेल्ट पुढे. खाली साधारण दोन मि.मी. जाडीची कार्बनची किंवा ॲल्युमिनियमची पट्टी, वर पातळ टॉप डेक. कार्पेटवर बरेच जण ॲल्युमिनियमच घेतात, कारण वजन जितकं खाली तितकी गाडी कमी पलटते. मागे सिलिकॉन तेल भरलेलं डिफ (दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गियर), पुढे स्पूल, म्हणजे दोन्ही चाकं एकत्र फिरवणारा सरळ दांडा. किटमध्ये मोटर नाही, ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं इलेक्ट्रॉनिक यंत्र) नाही, टायर नाहीत, बॉडीही नाही.

तामिया म्हणजे मुलांची खेळणी, असं मात्र समजू नका. २०१० सालचं टूरिंगचं जागतिक विजेतेपद मार्क राइनार्डने तामियाच्याच टीआरएफ४१७ वर जिंकलं होतं. तीही बेल्टचीच गाडी. तामियाने टीटी-०२ वेगळ्या कामासाठी बनवली आहे, एवढंच.

ट्यूनिंग: एकीकडे चार गोष्टी, दुसरीकडे चाळीस

साध्या टीटी-०२ मध्ये वरच्या आर्म ठरावीक लांबीच्या असतात, त्यामुळे कॅम्बर, म्हणजे चाकाचा उभा कल, बदलता येत नाही. मागच्या चाकांचा टो-इन, म्हणजे ती आत किती वळलेली, बदलायचा तर अपराइट, म्हणजे चाकाचा आस धरणारा भागच, बदलावा लागतो. ड्रूपला, म्हणजे चाक किती खाली लोंबेल त्याला, सेटिंग नाही. उरतात चारच गोष्टी आणि त्या चारही कराव्यात. पहिली, प्लास्टिकच्या बुशांच्या जागी ११×५ मि.मी.ची बॉल बेअरिंगं. फरक पहिल्याच फेरीत कळतो. दुसरी, किटमधले घर्षणाचे शॉक काढून तेलाचे शॉक. तिसरी, पुढच्या डिफमध्ये तामियाचं घट्ट ॲन्टी-वेअर ग्रीस दाबून भरणं. पुढचं डिफ जवळजवळ स्पूलसारखं वागायला लागतं आणि वळणातून निघताना गाडी पुढे ओढली जाते. चौथी, क्लबाने ठरवून दिलेले टायर.

एक फुकटची पाचवी: स्क्रू जपानी जेआयएस धाटणीचे असतात. आपला नेहमीचा फिलिप्स स्क्रू-ड्रायव्हर त्यात नीट बसत नाही आणि डोकी झिजवतो. जेआयएसचा एक चांगला स्क्रू-ड्रायव्हर घ्या, सगळ्या ॲल्युमिनियम पार्टांपेक्षा जास्त कामाला येईल.

याच्यापुढे खर्च करू नका. ॲल्युमिनियमचा प्रॉपेलर शाफ्ट, निळी मोटर प्लेट, निळे स्टिअरिंग पोस्ट... पेटीत सुंदर दिसतात. गाडी मात्र तीच राहते, कारण आर्मांतला ढिलेपणा, उंचावर असलेलं वजन आणि लांबीत बसलेली मोटर बदलत नाही. खर्चाची बेरीज मात्र चांगल्या वापरलेल्या बेल्टच्या गाडीपर्यंत कधी पोचते ते कळतही नाही.

बेल्टच्या गाडीत याच्या उलट: सगळंच बदलतं, त्यामुळे काय बदलू नये हे शिकणं हीच मोठी गोष्ट. क्लबाच्या कार्पेटवर साधारण अशा आकड्यांपासून सुरुवात होते: राइड हाइट (चॅसिसची जमिनीपासून उंची) ५ ते ५.५ मि.मी., कॅम्बर उणे १.५ ते २ अंश, मागचा टो-इन २.५ ते ३ अंश, शॉकमध्ये ३५० ते ४५० दाटपणाचं तेल, मागच्या डिफमध्ये पाच ते सात हजारांचं. त्यानंतर स्प्रिंग, अँटी-रोल बार, सस्पेन्शन ब्लॉकखालचे अर्धा-अर्धा मि.मी.चे शिम (पातळ चकत्या), कॅम्बर लिंकची जागा, ड्रूप. एका संध्याकाळी एकच गोष्ट बदला. तीन बदलल्या तर गाडी सुधारली की बिघडली ते कळेल, का ते कळणार नाही.

शिवाय तिला एक दुखणं आहे जे टीटी-०२ला फारसं ठाऊक नाही: ट्वीक. भिंतीला जोरात धडक बसली की पट्टी आणि टॉप डेक एकमेकांत किंचित पिळतात. डोळ्यांना काही दिसत नाही, पण गाडी उजवीकडे छान वळते आणि डावीकडे वळताना तिची मागची चाकं घसरतात. तपासायची पद्धत साधी आहे. गाडी सेटअप बोर्डवर किंवा जाड काचेवर ठेवा. पुढच्या बंपरच्या बरोबर मध्यावर सुरीचं टोक लावून हळूहळू उचला. पुढची दोन्ही चाकं एकाच क्षणी उठली पाहिजेत. एक आधी उठलं तर पिळ आहे. टॉप डेकचे स्क्रू सैल करा, चॅसिस बोर्डवर सपाट दाबून धरा, आणि स्क्रू थोडेथोडे करत, आलटूनपालटून आवळा. मागच्या बाजूनेही हेच करा. हीटच्या आधी पिटमध्ये खाली वाकून सुरीने गाडी उचलणारा माणूस दिसला तर समजा, मागच्या हीटमध्ये त्याने भिंत गाठली होती.

कार्पेटवर ग्रिप वाढत गेली की दोन्ही गाड्या वळणात आडव्या होतात. टीटी-०२ आधी होते. राइड हाइट कमी करणं हा पहिला उपाय. तेवढ्याने भागलं नाही तर पुढच्या टायरच्या बाहेरच्या कडेला पातळ सुपरग्लूचा एक थर. कड कडक झाली की ती कार्पेटला धरत नाही आणि गाडी पलटायच्या ऐवजी थोडी घसरते. नियमांत चालतं का, ते मात्र आधी विचारा. तसंच टायरला लावायच्या ॲडिटिव्हचं, म्हणजे पकड वाढवणाऱ्या द्रवाचं. उग्र वासाच्या ॲडिटिव्हवर बऱ्याच हॉलमध्ये बंदी असते.

मोटर आणि गियर

इथे नवख्यांचे सगळ्यात जास्त पैसे वाया जातात, म्हणून आकडे मांडतो. टीटी-०२ किटमधलं पिनियन (मोटरवरचं छोटं गियर) २२ दातांचं, स्पर (त्याला जोडलेलं मोठं गियर) ७० चं, आतल्या गियरांचं गुणोत्तर २.६. म्हणजे ७० भागिले २२ गुणिले २.६, उत्तर ८.२७: चाकाच्या एका फेऱ्याला मोटरचे एवढे फेरे. सोबत येणाऱ्या २७ टर्नच्या (टर्न म्हणजे मोटरमधल्या तारेचे वेढे, कमी तर वेग जास्त) सिल्व्हर कॅन मोटरसाठी हे बरोबर आहे. बेल्टच्या गाडीत १७.५ टर्नची ब्रशलेस मोटर चारच्या आसपास चालवतात. समजा स्पर ९६, पिनियन ४६ आणि आतलं गुणोत्तर १.९, तर उत्तर ३.९७.

आता तीच १७.५ ची मोटर टीटी-०२ मध्ये किटच्या गियरांवर बसवा. मोकळी फिरताना तिचे आरपीएम सिल्व्हर कॅनपेक्षा फारसे जास्त नसतात, तिचं बळ असतं टॉर्कमध्ये. तो टॉर्क वापरायला गियर चारच्या जवळ न्यावा लागतो, आणि टीटी-०२ च्या गियरबॉक्समध्ये तिथपर्यंत जायला जागाच नाही. म्हणजे ब्रशलेसला पैसे मोजून सरळ रेषेत जेमतेम थोडा वेग मिळतो. टीटी-०२ मध्ये वेग हवाच असेल आणि क्लब परवानगी देत असेल तर २३ टर्नची स्पोर्ट-ट्यून्ड पुरे.

बेल्टच्या गाडीत १७.५ चा वर्ग घ्या आणि ईएससी ब्लिंकीवर ठेवा, म्हणजे इलेक्ट्रॉनिक टायमिंग शून्य. दिवा लुकलुकतो म्हणून हे नाव. सगळ्यांची मोटर सारखी, मग फरक पडतो तो गियरमध्ये आणि मोटरच्या मागच्या झाकणावरच्या टायमिंगमध्ये. पिनियनचा एकेक दात वाढवत जा, आणि प्रत्येक हीटनंतर इन्फ्रारेड थर्मामीटरने मोटर मोजा. ८० अंश सेल्सियसच्या वर गेली तर एक दात मागे या. फार तापलेल्या रोटरचं चुंबकत्व उतरतं, आणि मग कुठलाही गियर लावा, वेग परत येत नाही.

पैसे आणि तुटफूट

टीटी-०२ साधारण १०० ते १५० पौंडांत येते, मोटर सोबत असते, पुष्कळ किटांत ईएससीही. नवी बेल्टची गाडी ४५० ते ६०० पौंड, आणि तीही नुसती. त्यावर मोटर, ईएससी, सर्व्हो, बॉडी, टायर. वापरलेली चांगल्या अवस्थेतली १५० ते २५० ला मिळू शकते. दोन्हींना रिमोट, २-सेल हार्डकेस लिपो बॅटरी, चांगला चार्जर आणि लिपो ठेवायची आगरोधक पिशवी लागतेच. हा खर्च एकदाच होतो आणि पुढच्या गाडीला चालतो, म्हणून इथे हात आखडू नका. ट्रान्सपॉन्डर (फेऱ्या मोजण्यासाठी गाडीत बसवायचं यंत्र) क्लबकडून भाड्याने मिळतो का ते विचारा.

धडकेत टीटी-०२ चा आर्म वाकतो आणि परत सरळ होतो. तुटलाच तर किंमत किरकोळ. बेल्टच्या गाडीत स्टिअरिंग ब्लॉक आणि खालच्या आर्म जातात, वाईट दिवशी पुढचा सी-हब, म्हणजे स्टिअरिंग ब्लॉक धरणारा भागही. नवखा माणूस पहिल्या सीझनमध्ये भिंतींना भेटतोच, तेव्हा हा खर्च गाडीच्या किमतीतच धरा.

क्लबातली संध्याकाळ

हीट पाच मिनिटांची, निकाल फेऱ्या आणि सेकंद असा. आपली हीट झाली की लगेच मार्शल म्हणून ट्रॅकवर उभं राहायचं आणि पलटलेल्या गाड्या सरळ करायच्या. न सांगता पळ काढणारा फार दिवस कुणाला आवडत नाही. टीटी-०२ च्या हीटमध्ये सगळ्यांचा वेग सारखा, त्यामुळे शर्यत शेवटच्या फेरीपर्यंत दारं घासत चालते आणि गाडी चालवायला तिथेच शिकतो माणूस. १७.५ च्या हीटमध्ये नवख्याला पुढचे चौघे पाच मिनिटांत दोनदा-तीनदा मागे टाकून जातात. लाइन सोडून त्यांना वाट द्यायची, हेही तिथेच शिकायचं. तुमच्याकडे आठवड्याची एकच संध्याकाळ असेल आणि घरी गाडी खोलून बसायला वेळ नसेल, तर बेल्टची गाडी तुमच्यावर रुसेल.

पुढच्या चाकांची ओढ असलेल्या गाड्याही काही क्लबांत धावतात: शूमाकरची एफटी८, किंवा आखूड मापात तामियाची एम-०७. मागच्या चाकांना मोटरची ओढ नसल्यामुळे त्या कमी अंगावर येतात आणि बघायलाही मजेदार. हीट भरत असेल तर उत्तम, पण एकट्याने घेऊ नका.

दोन-चार वर्षांनी पुण्या-मुंबईकडे परतायचा बेत असेल तर पारडं टीटी-०२ कडे झुकतं. पार्किंगच्या डांबरावर जमिनीपासून जेमतेम ५ मि.मी. वर चालणारी कार्बनची पट्टी खरवडून निघते आणि तिचे भाग परदेशातून मागवायचे म्हणजे कुरिअर आणि कस्टम. विमानात लिपो केबिनच्या बॅगेत न्यायची. ७.४ व्होल्ट, ६००० एमएएच म्हणजे ४४.४ वॉट-अवर, १०० च्या मर्यादेच्या बरीच आत. टर्मिनल टेपने झाका आणि एअरलाइनचा नियम आधी वाचा.

वापरलेली बेल्टची गाडी बघताना बॉडी काढायला लावा. बॅटरीच्या खाचेभोवती कार्बनचे थर सुटलेत का, ॲल्युमिनियमच्या बल्कहेडमधले (डिफ धरणाऱ्या उभ्या भागांतले) आटे गेलेत का, हेक्स स्क्रूंची डोकी गोल झालीत का, बेल्टचे दात शाबूत आहेत का आणि मागच्या डिफखाली तेलाचा ओलावा आहे का, एवढं बघा. मॉडेल भरभर बदलतात, तेव्हा त्या मॉडेलच्या आर्म अजून मिळतात का, हे दुकानात विचारून मगच पैसे द्या. विक्रेता भाव कमी करत नसेल तर सुट्या भागांची पेटी मागा. छंद सोडणारा माणूस ती सहसा देऊन टाकतो, आणि तिच्यात दोन स्टिअरिंग ब्लॉक आणि खालच्या आर्मची एक जोडी असली तरी तुमचा अर्धा सीझन निघतो.