कर्बल स्पेस प्रोग्रॅम: पिकअप पाहिजे की ॲव्हरेज?

गेल्या वर्षी माझी विज्ञानकथा दिवाळी अंकाकडून साभार परत आली. संपादकांनी समासात पेन्सिलीने एवढंच लिहिलं होतं, "यान कशावर चालतं?" कथेत भुसावळचा एक ड्रायव्हर टिश्यू कल्चरची केळीची रोपं घेऊन मंगळावर जातो आणि चार दिवसांत पोचतो. का, तर रोपं त्याहून जास्त टिकणार नाहीत असं मी धरून चाललो होतो. इंजिनाला नाव दिलं होतं 'महाऊर्जा प्रणाली'. तेहतीस वर्षं रेल्वेची इंजिनं चालवलेल्या माणसाने हे लिहावं, याची माझी मलाच लाज वाटली.

भाचा अमळनेरचा, जळगावला इंजिनिअरिंगला आहे. त्याने माझ्या जुन्या लॅपटॉपवर कर्बल स्पेस प्रोग्रॅम हा यानं उडवायचा खेळ टाकून दिला आणि म्हणाला, "मामा, आधी उडवा, मग लिहा." पाच महिने उडवतोय. ज्यांना कथा-कादंबरीत यानं पळवायची आहेत त्यांच्यासाठी हा अभिप्राय. नुसती करमणूक हवी असेल तर तुमचं मत वेगळं होईल.

मेक्सिकोच्या स्क्वॉड कंपनीने २०१५ मध्ये हा खेळ पूर्ण स्वरूपात बाजारात आणला. टाक्या, इंजिनं, पंख एकावर एक रचून यान बांधायचं, त्यात कर्बल नावाची हिरवी बुटकी माणसं बसवायची आणि सोडून द्यायचं. माझी पहिली आठ यानं समुद्रात गेली. दर वेळी मी एकच चूक करत होतो. इंधन कमी पडलं की आणखी एक टाकी लावायचो, ती टाकी उचलायला आणखी इंधन लागायचं, मग आणखी टाकी. रशियाच्या त्सिओलकोव्हस्कीने १९०३ मध्ये याचं सूत्र छापलं होतं. मागे फेकलेल्या वायूच्या वेगाएवढा वेग यानाला हवा असेल, तर निघतानाचं वजन रिकाम्या यानाच्या २.७ पट लागतं. दुप्पट वेग हवा तर ७.४ पट, तिप्पट हवा तर २० पट. कागदावर वाचून हे डोक्यात शिरत नाही, आठ यानं बुडवल्यावर शिरतं.

टप्प्यांचं रॉकेट मात्र मला लगेच समजलं. कसारा घाटात १ : ३७ चा चढ आहे. तिथे मागून ढकलायला बँकर, म्हणजे जादा इंजिनं, लावतात आणि इगतपुरीला सोडून देतात. खालचा टप्पा म्हणजे बँकरच. आमचा बँकर दुसऱ्या गाडीला लागायला परत खाली येतो, माझे टप्पे समुद्रात जातात, एवढाच फरक.

एक इशारा आधीच देऊन ठेवतो. खेळातली पृथ्वी, म्हणजे कर्बिन, फक्त ६०० किलोमीटर त्रिज्येची आहे. तिच्या कक्षेत जायला सेकंदाला साधारण ३.४ किलोमीटर वेग कमावण्याची तयारी पुरते. आपल्या पृथ्वीवरून नऊच्या वर लागते. तेव्हा इथे जमलं ते श्रीहरिकोट्यालाही जमेल, असं समजू नका.

आता इंजिनं. आपल्याकडे मोटरसायकल घेताना दोनच गोष्टी विचारतात, पिकअप कसा आणि ॲव्हरेज किती. यानांचंही तेच आहे आणि दोन्ही एकत्र सहसा मिळत नाही. पिकअप म्हणजे ढकल, ॲव्हरेज म्हणजे आयएसपी, इंजिन इंधन किती पुरवून वापरतं त्याचं माप, तो सेकंदात मोजतात. खेळातलं टेरियर हे साधं रासायनिक इंजिन अर्ध्या टनाचं, आयएसपी ३४५. नर्व्ह हे अणुइंजिन तीन टनांचं, आयएसपी ८००. दोघांची ढकल मात्र सारखीच, ६० किलोन्यूटन. जवळच्या चंद्रावर जायला नर्व्ह लावलं तर तीन टनांचं लोढणं गळ्यात. लांब जायचं असेल तर पैसे वसूल.

नर्व्ह मला जाम आवडलं, कारण ते वाफेच्या इंजिनाच्या भावकीतलं निघालं. कोळशाच्या जागी अणुभट्टी आणि पाण्याच्या जागी हायड्रोजन. हायड्रोजन तापवायचा आणि मागून सोडायचा. तो हलका म्हणून जोरात सुटतो. हे कल्पनेतलं नाही. अमेरिकेने १९६० च्या दशकात नेवाडाच्या वाळवंटात अशी इंजिनं जमिनीवर चालवून पाहिली आणि १९७३ मध्ये कार्यक्रम गुंडाळला. खेळ इथे एक सवलत देतो. नर्व्हला दुसऱ्या इंजिनांचंच द्रव इंधन चालतं. खरा हायड्रोजन उणे २५३ अंशांवर ठेवावा लागतो आणि त्याच्या टाक्या भल्यामोठ्या होतात. कथेत टाकी मोठी दाखवा, वाचक विश्वास ठेवतो.

आयन इंजिनाच्या बाबतीत मात्र खेळ सरळ थाप मारतो. झेनॉन वायू विजेच्या जोरावर मागे फेकणाऱ्या या इंजिनाची ढकल इथे २ किलोन्यूटन आहे, म्हणजे दोन क्विंटल कापसाच्या वजनाएवढी. खेळात त्याचं नाव डॉन आहे आणि नासाच्या डॉन यानावर खरंच असं इंजिन होतं. त्याची ढकल साधारण ०.०९ न्यूटन होती. तळहातावर दोन ए-फोर कागद ठेवा, तेवढी. शून्यापासून ताशी शंभर किलोमीटरला पोचायला त्या यानाला चार दिवस लागत. तरी तेच यान २०११ मध्ये वेस्टा या लघुग्रहाला आणि २०१५ मध्ये सेरेस या बटुग्रहाला पोचलं, कारण इंजिन वर्षानुवर्षं चालू होतं. खेळात ढकल वाढवण्याचं कारणही समजतं. इंजिन चालू असताना इथे घड्याळ चौपटीपेक्षा जोरात पळत नाही, मग खऱ्या आयन इंजिनासमोर कोण बसेल? खेळ म्हणून ठीक आहे, पण यावर विसंबून कथा लिहिलीत तर संपादक पुन्हा पेन्सिल काढतील. याच गोष्टीसाठी मी पाचातला एक तारा कापतो.

सौरशीड, म्हणजे उन्हाच्या रेट्याने यान ढकलणारं शीड, मूळ खेळात नाहीच. जपानने २०१० मध्ये इकारॉस यानावर ते उघडून दाखवलं होतं. हिशोब मी स्वतः केला. एक चौरस किलोमीटर, म्हणजे सुमारे अडीचशे एकर केळीच्या बागेएवढा आरसा पृथ्वीच्या अंतरावर उन्हात धरला तर ढकल मिळते ९ न्यूटन. किलोभराच्या वजनाच्याही आत. पण इंधन शून्य.

मग भाच्याने फुकटातले मॉड, म्हणजे खेळाला लावायचे जोडभाग, टाकून दिले आणि संलयनाची, म्हणजे हलके अणू एकत्र करून ऊर्जा काढणारी, इंजिनं आली. वाटलं, आता माझे चार दिवस जमतात. मंगळ लांब असताना चार दिवसांत गाठायचा, तर वाटभर जवळपास पृथ्वीच्या गुरुत्वाएवढं त्वरण लागतं. अर्धी वाट पुढे, अर्धी ब्रेकला. यान शंभर टनांचं धरलं आणि वायू सेकंदाला हजार किलोमीटरने सोडला. इंजिनाला लागणारी शक्ती म्हणजे ढकल गुणिले वायूचा वेग, भागिले दोन. उत्तर आलं सुमारे ४ लाख ९० हजार मेगावॅट. भुसावळला राहणाऱ्याला हा आकडा कळायला वेळ लागत नाही. दीपनगरच्या वीजकेंद्रातल्या ५०० मेगावॅटच्या युनिटांसारखी जवळपास हजार युनिटं, एका यानात. त्यातला एक टक्काही यानाच्या अंगाला लागला तर ४९०० मेगावॅटची उष्णता. दीपनगरला थंड करायला तापीचं पाणी आहे. अंतराळात पाणी नाही, वारा नाही. तापलेले पत्रे पसरून ती उष्णता किरणांनीच बाहेर फेकायची. म्हणजे चार दिवसांची कथा लिहायची असेल तर इंजिनापेक्षा पत्र्यांवर जास्त पानं खर्च करा. 'महाऊर्जा प्रणाली'ला एकही पत्रा नव्हता.

या खेळाने मला दिलेली सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे कोस्टिंग. आम्ही उताराला नॉच, म्हणजे इंजिनाचा जोर, बंद करून गाडी नुसती वाहू देतो, त्याला कोस्टिंग म्हणतात. कमी इंधनातला अंतराळप्रवास जवळपास सगळा तोच. सुरुवातीला धक्का, शेवटी धक्का, मध्ये काही नाही. मंगळयान १३३७ किलोंचं होतं आणि त्यातलं ८५२ किलो नुसतं इंधन. डिसेंबर २०१३ मध्ये पृथ्वी सोडल्यावर त्याचं ४४० न्यूटनचं मुख्य इंजिन तीनशेच्या आसपास दिवस झोपलेलं होतं. ते उठेल का, हे बघायला २२ सप्टेंबर २०१४ ला चार सेकंद चालवलं आणि दोन दिवसांनी मंगळाच्या कक्षेसाठी पूर्ण. त्या चार सेकंदांत कथा आहे. निघायची वेळही तुमच्या हातात नसते. मंगळाची खिडकी, म्हणजे कमी इंधनात निघता येईल अशी वेळ, साधारण २६ महिन्यांनी उघडते. सावदा-रावेरहून केळीची गाडी दिल्लीला भरताना एक दिवस चुकला तर घड पिकायला लागतात. इथे चुकलात तर दोन वर्षं घरी बसा.

उणीव विचाराल तर कर्बलांना भूक लागत नाही. अन्न, पाणी, हवा यांचा हिशोब मूळ खेळात नाही, आणि लेखकाला नेमका तोच हवा असतो. तो मी वहीत वेगळा ठेवतो.

कथा नव्याने लिहिली. अणुइंजिन घेतलं, प्रवास साडेचार महिन्यांचा केला. त्याने एक अडचण झाली. पिशवीतली रोपं एवढ्या दिवसांत वाढतात, छताला पानं टेकायला लागतात. ड्रायव्हर आता इंजिन सोडून पानं छाटत बसतो. कथा त्याची झाली, यानाची राहिली नाही. पाठवून दिली आहे.

रविवारी भाचा आला. स्क्रीनवर डुना, म्हणजे खेळातला मंगळ, आणि त्याभोवती माझं यान नुसतंच फिरताना पाहून म्हणाला, "मामा, तुमनं यान कथं गयं?" कुठे जाणार, टाकी रिकामी. आत जेबेडाया नावाचा कर्बल हसत बसला आहे. त्याच्यासाठी बँकर बांधून ठेवलाय, दोन नर्व्ह लावलेला. खिडकी उघडली की सोडतो.