गरोदरपणाच्या अ‍ॅपमधलं 'जोडीदार' खातं: फिरत्या शिफ्टमधून वापरताना

चार तारे देतोय, आणि त्यातले तीन एकाच पानासाठी आहेत. त्या पानाबद्दल पुढे लिहितो. अ‍ॅपचा मुख्य भाग बायकोच्या फोनवर आहे, त्याबद्दल तिनेच लिहावं. मी वापरतो ते 'जोडीदार' खातं. तिने कोड पाठवला की आपल्या फोनवर ते उघडतं आणि तिचा आठवडा, तपासण्यांच्या तारखा, गोळ्यांच्या वेळा आपल्यालाही दिसायला लागतात.

माझं काम कारखान्यात, मेंटेनन्सला. शिफ्ट फिरत्या. आत मोबाईल नेता येत नाही, गेटजवळच्या लॉकरमध्ये ठेवावा लागतो. टेस्टवर दोन रेघा दिसल्या त्याच सुमारास आमचं वार्षिक शटडाऊन तोंडावर आलेलं. शटडाऊन म्हणजे सगळी मशिनं एकदम उघडायची आणि ठरल्या तारखेला प्लांट परत चालू करून द्यायचा. रजा बंद, बारा-बारा तास ड्यूटी, बेअरिंग उशिरा आलं तरी बोलणी आपल्यालाच. घरी हिला सकाळपासून मळमळतंय, संध्याकाळी सातलाच डोळे मिटतायत. आणि ही बातमी अजून कोणालाच सांगितलेली नाही, त्यामुळे 'आज जरा लवकर सुटू का' असं विचारायचं तर कारण काय देणार? अशा दिवसांत मी हे अ‍ॅप वापरलं.

सुरुवातीलाच एक गोष्ट नीट समजावली आहे, ती म्हणजे आठवड्यांचा हिशोब. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजायचं, एकूण 40 आठवडे, म्हणजे 280 दिवस. त्यामुळे अ‍ॅप 'सहावा आठवडा' म्हणतं तेव्हा गर्भ प्रत्यक्षात साधारण चार आठवड्यांचा असतो. डॉक्टरही याच हिशोबाने बोलतात. हे आधीच कळलेलं असलं की पहिल्या भेटीत तारखांचा गोंधळ होत नाही.

रोज एक कार्ड येतं, 'आज तुमच्याकडे' नावाचं. त्यात तीन-चारच ओळी असतात, आणि कामाबरोबर कारणही दिलेलं असतं. ही पद्धत मला फार आवडली. नुसतं 'फॉलिक अ‍ॅसिडची आठवण करा' असं न लिहिता सांगतात की बाळाचा मेंदू आणि मणका ज्या नळीपासून बनतो ती सहाव्या आठवड्याच्या आसपास मिटते, म्हणून ही गोळी या दिवसांत चुकवायची नाही. सर्वसाधारण मात्रा दिवसाला 400 मायक्रोग्रॅम, डॉक्टरांनी वेगळी सांगितली असेल तर तीच. घरात मांजर असेल तर तिची घाण गरोदर बाईने काढू नये, त्यातून टॉक्सोप्लाझ्मा नावाच्या परजीवीचा संसर्ग होऊ शकतो, तेव्हा ते काम आजपासून तुमचं. सिगारेट ओढत असाल तर तो धूर तिच्यापर्यंत आणि बाळापर्यंत जातो. मळमळ बहुतेकींना सहाव्या आठवड्याच्या सुमारास सुरू होते, नवव्याच्या आसपास सगळ्यात जास्त असते आणि पुढे हळूहळू उतरते. हे वाचून मला खरोखर धीर आला. ब्रेकडाऊन किती तास चालेल याचा अंदाज असला की माणूस शांतपणे काम करतो, तसंच काहीसं.

एका कार्डवर लिहिलं होतं की 'काही हवंय का' असं सारखं विचारू नका, पाण्याची बाटली भरून उशाशी ठेवा, वासाचा त्रास होणाऱ्या गोष्टी खोलीतून बाहेर काढा, उद्याच्या गोळ्या आजच डबीत घाला. रात्रपाळीला निघताना मी एवढं करून जायला लागलो. ती एकदा म्हणाली, "तू विचारायचं बंद केलंस ते बरं झालं रे. उत्तर द्यायलासुद्धा ताकद लागते." हे वाक्य अ‍ॅपवाल्यांपर्यंत पोचावं म्हणून मुद्दाम लिहितोय.

आता ते लाल पान. खाली उजव्या कोपऱ्यात लाल चौकोन आहे, 'फोन करू का?' त्यावर बोट ठेवलं की नेट नसतानाही उघडतं. वरच्या भागात, ताबडतोब दवाखाना गाठा अशी लक्षणं: जास्त रक्तस्राव, पोटात एका बाजूला तीव्र कळ, खांद्याच्या टोकाला दुखणं, चक्कर येऊन पडणं. गर्भ गर्भाशयाबाहेर, बीजवाहक नळीत रुजला असेल तर अशी लक्षणं दिसतात आणि तिथे थांबायला वेळ नसतो. त्याखाली, आजच्या आज डॉक्टरांना फोन करा अशी लक्षणं: थोडे डाग, लघवी करताना जळजळ, ताप, पाणीसुद्धा पोटात न ठरणारी उलटी, गडद आणि कमी लघवी. सर्वांत खाली आपण आधीच भरून ठेवलेले डॉक्टरांचे नंबर, तिचा रक्तगट, चालू औषधं.

सातव्या आठवड्यात हिला डाग दिसला. मी पंपाचं कपलिंग जुळवत होतो. तिने सिक्युरिटीच्या फोनवर निरोप दिला, मी हात पुसत लॉकरपर्यंत आलो. त्या क्षणी सर्च करायला घेतलं असतं तर काय काय वाचलं असतं कोण जाणे. मी लाल पान उघडलं आणि फोनवर तिला एकेक ओळ विचारत गेलो. रक्त किती आहे? पॅड भिजलाय का? एका बाजूला दुखतंय का? खांदा? चक्कर? सगळ्याला नाही. म्हणजे खालच्या यादीतलं. तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. रक्तगट विचारला, तो समोरच होता. त्यांनी त्याच दिवशी सोनोग्राफीला बोलावलं. पडद्यावर ठोके लुकलुकताना दिसले. पहिल्या तीन महिन्यांत जवळपास चारातल्या एकीला थोडाफार रक्तस्राव होतो आणि त्यातल्या बऱ्याच जणींचं पुढे सुरळीत होतं, असं डॉक्टर म्हणाल्या. हिचा हात तेव्हा कुठे सैल झाला. तीन तारे त्या पानाचे.

त्या दिवशी शिफ्ट इन्चार्जना मी खरं कारण सांगितलं. 'कामावर एका तरी माणसाला सांगून ठेवा' असंही एक कार्ड आहे आणि त्यात कसं सांगायचं त्याचा दोन ओळींचा नमुना आहे: घरी गरोदरपणाचे पहिले महिने आहेत, अचानक निघावं लागू शकतं, कृपया तुमच्यापुरतं ठेवा. मी जवळजवळ तसंच बोललो. तेव्हापासून गेटवर माझ्यासाठी निरोप आला की तो थेट फ्लोअरवर पोचतो.

आता तक्रारी, आणि त्या मनापासून आहेत.

जाहिराती. सहाव्या आठवड्यात पाळणा आणि बाबागाडी कशाला दाखवता? कळलेल्या गर्भधारणांपैकी साधारण 10 ते 20 टक्के पुढे टिकत नाहीत आणि त्यातल्या बहुतेक पहिल्या 12 आठवड्यांत थांबतात. त्यातल्या अनेकांचं कारण गुणसूत्रांमधला दोष असतं, म्हणजे कोणी काही केल्याने किंवा न केल्याने ते घडलेलं नसतं. अशा काळात या जाहिराती बंद करायचं बटण पहिल्या पानावर हवं. आणि 'गर्भधारणा थांबली' हा पर्याय सेटिंगच्या पोटात इतका आत आहे की ज्या घरावर ती वेळ येईल त्यांना तो सापडेपर्यंत पुढच्या आठवड्याचं अभिनंदन येऊन पडेल. हे तातडीने बदला.

जाहिरातींतच घरी ठोके ऐकायचं डॉपलरही येतं. मी रोज मापनयंत्रं हाताळतो, त्यामुळे हे ठासून सांगतो: यंत्र आवाज देतंय म्हणजे ते योग्य गोष्टच मोजतंय असं नसतं. सुरुवातीच्या आठवड्यांत ठोके त्यात सापडतच नाहीत आणि उगाच जीव उडतो. पुढे आईचीच नाडी बाळाची समजून माणूस निश्चिंत राहतो, ते तर जास्त धोक्याचं. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानेही ही यंत्रं घरी वापरू नका असं सांगितलेलं आहे. आरोग्याच्या अ‍ॅपने ती दाखवू नयेत.

सगळ्यात मोठी उणीव मात्र वेगळीच आहे. या खात्यात माझ्यासाठी कामं आहेत, पण मी कसा आहे हे कुठेच विचारलेलं नाही. 'स्वतःचीही काळजी घ्या' असं एक कार्ड येतं आणि संपतं. शटडाऊनच्या दिवसांत मला झोप लागत नव्हती, बारीकसारीक गोष्टीवरून हेल्परवर आवाज चढत होता, आणि तिच्यासमोर बोलावं तर तिला अजून एक ओझं. 2010 मध्ये 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात बऱ्याच अभ्यासांचा एकत्र आढावा आला होता. गरोदरपण आणि बाळंतपणानंतरचं पहिलं वर्ष धरून सुमारे 10 टक्के वडिलांमध्ये नैराश्य आढळलं. आईचं नैराश्य ओळखण्यासाठीची 10 प्रश्नांची एडिंबरा प्रश्नावली याच अ‍ॅपच्या मुख्य भागात आहे. ती 1987 पासून वापरात आहे आणि वडिलांसाठीही वापरली जाते. मग ती जोडीदाराच्या खात्यात द्यायला काय हरकत आहे? महिन्यातून एकदा विचारा, आणि उत्तरं काळजीची असतील तर समुपदेशकाकडे किंवा डॉक्टरांकडे जा असं स्पष्ट लिहा. मी माझ्या मित्राशी बोललो म्हणून सावरलो. प्रत्येकाला असा मित्र असतोच असं नाही.

शेवटचं, वेळेबद्दल. 'आज तुमच्याकडे' रात्री आठला येतं आणि मध्यरात्री नाहीसं होतं. दुसऱ्या पाळीवाल्याचा फोन तेव्हा लॉकरमध्ये असतो. नर्स, ड्रायव्हर, वॉचमन, आम्ही मेंटेनन्सवाले, सगळ्यांचं हेच. शिफ्ट भरायची सोय द्या आणि कार्ड चोवीस तास राहू द्या. एवढं आणि ती प्रश्नावली पुढच्या अपडेटमध्ये आली की पाचवा तारा लगेच देतो.