एस्प्रेसो मशीन बसलं होतं, मोटर रिवाइंडिंगवाल्या अण्णांनी उठवलं

आधीच सांगतो, हा रिव्ह्यू मशीनचा नाही, मशीन दुरुस्त करणाऱ्याचा आहे, आणि तोही अशा माणसाचा ज्यानं त्या दिवसापर्यंत एस्प्रेसो मशीन आतून बघितलंच नव्हतं. सोलापुरात घरी असलं मशीन वापरणारे किती असतील, बोटावर मोजण्याइतके, त्यामुळं बिघडलं की न्यायचं कुठं हा प्रश्न सगळ्यांनाच पडतो, म्हणून जरा लांबड लावतोय.

माझं मशीन सिंगल बॉयलरवालं, १५ बारचा पंप, ५८ मिमीचं पोर्टाफिल्टर (कॉफी भरून मशीनला अडकवायची दांड्याची चाळणी). कंपनी कुठली ते जाऊ दे, कारण चूक मशीनची नव्हती, माझी होती. आमच्याकडं जुळे सोलापुरात नळाला पाणी सुटतं चार-पाच दिवसांनी, ते उजनीचं पाणी आई भरून झाकून ठेवते आणि त्यातलं तांब्याभर पाणी "तुझ्या त्या कडू काढ्याला" घेतलेलं तिला चालत नाही, मग मी साडेतीन वर्षं सरळ बोअरचं पाणी मशीनच्या टाकीत ओतत आलो. गीझरचा रॉड दोनदा बदलून झाला होता तरी डोक्यात ट्यूब पेटली नाही की जे पाणी रॉडवर पांढरा थर चढवतं ते या इवल्याशा बॉयलरचं काय करत असेल.

एप्रिलमध्ये शॉट, म्हणजे एका वेळची कॉफी, उतरायला रेंगाळायला लागला. १८ ग्रॅम कॉफीतून ३६ ग्रॅम निघायला २५-३० सेकंद लागतात ते पाऊण मिनिटावर गेलं, कॉफी जाड दळली तरी तेच. मग मी हुशारी केली. आतला क्षार काढायला किराणा दुकानातनं सायट्रिक ॲसिड आणलं, लिटरला २० ग्रॅम पुरतं हे वाचलं होतं तरी जास्त घातलं तर जास्त निघेल म्हणून ५० घातलं आणि रात्रभर आत ठेवून झोपलो. बॉयलर ॲल्युमिनियमचा असेल तर असलं करू नका, ॲसिड क्षारासोबत धातूपण खातं. सकाळी बटण दाबलं, पंप नुसता घूं घूं करतोय आणि ग्रुपमधून, म्हणजे पोर्टाफिल्टर अडकवतात त्या तोंडातून, थेंब नाही.

कंपनीच्या सर्व्हिसला फोन केला तर सेंटर पुण्यात, मूळ बॉक्समध्ये पॅक करून पाठवा (साडेतीन वर्षांचा बॉक्स कोण ठेवतंय), तपासणीचे पैसे वेगळे, आणि मशीन न बघताच "पंप नाहीतर बोर्ड जाईल सर" हे फोनवरच ठरवून मोकळे. इथल्या एका मिक्सरवाल्यानं हातच लावला नाही. दुसऱ्यानं वरचे दोन स्क्रू काढले, आत वाकून बघितलं, परत लावले आणि म्हणाला साहेब चहा प्या की.

शेवटी शेजारच्या काकांनी अशोक चौकाच्या मागच्या गल्लीतलं दुकान सांगितलं. पाटी नाही. दारात पॉवरलूमच्या मोटरी रचलेल्या, तारेला जळक्या कॉइल लटकवलेल्या आणि व्हार्निशचा वास पार रस्त्यापर्यंत. अण्णा साठीचे असतील, पोराशी तेलुगूत बोलतात, गिऱ्हाइकाशी सोलापुरीत. मशीन टेबलावर ठेवलं तर स्क्रू ड्रायव्हर उचलायच्या आधी त्यांनी विचारलं, "पाणी कुठलं घालताव?" बोअरचं म्हटल्यावर नुसती मान हलवली. तिथंच मला वाटलं की आपण बरोबर जागी आलोय.

पहिलं काम केलं ते मेगर लावून, म्हणजे हीटरमधून बॉडीत करंट लीक होतोय का ते बघितलं, कारण पाण्याचं मशीन आणि वर शॉक बसला तर कॉफी राहील बाजूला. लीक नव्हता. मग टाकी भरून स्टीमच्या नळीचा कॉक उघडून पंप चालू करायला सांगितला, तिथनं पाणी भसाभस आलं. अण्णा म्हणाले, "पंप चांगला हाय, बॉयलरपर्यंत वाट मोकळी हाय, फुडं कुठंतर अडकलंय." मी तीन दिवस डोकं खाजवत होतो ते यांनी तीन मिनिटांत एका व्हॉल्व्हवर आणून ठेवलं. बॉयलर आणि ग्रुपच्या मध्ये तीन तोंडांचा, विजेच्या कॉइलवर चालणारा सोलेनॉइड व्हॉल्व्ह असतो, बटण दाबलं की पाणी कॉफीकडं सोडतो, बंद केलं की उरलेलं प्रेशर मागच्या नळीतनं ट्रेमध्ये टाकतो. त्याच्या कॉइलच्या टोकाला अण्णांनी स्क्रू ड्रायव्हरचं लोखंड टेकवलं, म्हणाले दाबा बटण, आणि लोखंड खट्कन ओढलं गेलं. कॉइल जिवंत! म्हणजे कचरा आत.

मग प्लग काढून कॉइल उतरवली, पान्यानं आतली नळी फिरवली, तिच्यातनं स्प्रिंगवाला छोटा दांडा बाहेर आला, आणि खाली सुईच्या टोकाएवढ्या भोकावर मोहरीच्या अर्ध्या दाण्याएवढी पांढरी खपली बसलेली. एवढीच. माझ्या ॲसिडनं बॉयलरमधला थर विरघळला नाही, सुटला, आणि सुटलेल्या खपल्या पुढं जाऊन सगळ्यात अरुंद जागी अडकल्या. अण्णांनी ती खपली माझ्या तळहातावर ठेवली. पुण्याचा पंप-बोर्डाचा हिशोब आठवून मला हसावं का रडावं कळेना.

पंप चांगला असला तरी त्यांनी तो खोलून बघितलाच, मला वाटतं गरजेपेक्षा हौस जास्त. घरगुती मशीनमध्ये बऱ्याच वेळा इटलीचा उल्का कंपनीचा पंप असतो, लेबल वाचून म्हणाले नाव तर आपलंच की बे. चाळीस वर्षं मोटरी भरणाऱ्या माणसाला या पंपात फिरणारं काहीच नाही याचं लै अप्रूप. नुसती कॉइल, आत पिस्टन आणि स्प्रिंग. डायोड विजेची अर्धी लाट कापतो म्हणून सेकंदाला ५० वेळा कॉइल पिस्टनला ओढते आणि स्प्रिंग परत ढकलतो, तीच ती घूं घूं. लेबलवर दोन मिनिटं चालू, एक मिनिट बंद असं छापलेलं असतं ते दाखवून विचारलं, तुम्ही किती वेळ चालवला? मी अडकलेलं सुटेल म्हणून सलग दहा मिनिटं चालवला होता. खोटं सांगितलं, तीन म्हणालो.

ग्रुपचा गॅस्केट, म्हणजे पाणी गळू न देणारी रबरी रिंग, दगड झाला होता, पोर्टाफिल्टरचा दांडा मधल्या जागेच्या पुढं पार उजवीकडं जायचा आणि कडेनं पाणी गळायचं. अण्णांनी त्यात दोन बारीक स्क्रू पिळले आणि पक्कडीनं ओढून तुकडे काढले. इथं मात्र आमचं वाजलं. त्यांना मोटरच्या रबर शीटमधनं रिंग कापून बसवायची होती, मी म्हटलं ९० डिग्रीचं पाणी लागतं, पोटात जातं, फूडग्रेड सिलिकॉनच पाहिजे. ग्रीसचंपण तेच, पिवळ्या ग्रीसच्या डब्यात बोट घातलंच होतं त्यांनी, मी हात धरला. सिलिकॉन गॅस्केट मी ऑनलाइन मागवला तर तो ८ मिमीचा आला आणि ढिला बसला, कारण मी माप जुन्या दबलेल्या गॅस्केटचं घेतलं होतं. मग ८.५ चा मागवला. म्हणजे उशिराचे चार-पाच दिवस माझ्या खात्यावर.

पण बाकीचे त्यांच्या. "उद्या या" हे मी एकूण पाच वेळा ऐकलं, लूमची मोटर आली की तुमचं मशीन खाली, आणि ते बरोबरपण आहे, त्या मोटरवर कुणाचातरी पगार असतो. बिल मिळत नाही. आणि घरी आल्यावर एक स्क्रू जास्तीचा निघाला, फोन केला तर म्हणाले चालतंय ना, मग ऱ्हाऊ द्या.

सगळं जोडल्यावर दुकानात पहिल्यांदा पाणी सोडलं, ग्रुपमधून सरळ धार आली, बटण बंद केलं आणि मागच्या नळीतनं फुस्स झालं. अण्णा म्हणाले, "हां, आता श्वास सोडला." गॅस्केट सोडून घेतले ७०० रुपये.

आता घरी आरओ बसवलाय (त्याचं वाया जाणारं पाणी फरशीला, आईची अट). मीटरवर बोअर ८७० टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) दाखवतं, आरओ ४०. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात ५०० पर्यंत ठीक आणि दुसरी सोयच नसेल तर २००० पर्यंत चालतं असं आहे, पण कॉफीवाले सांगतात १५० च्या आसपास ठेवा. नुसत्या आरओच्या पाण्याची कॉफी मला फिकी लागली, म्हणून आठ ग्लास आरओत एक ग्लास बोअर घालतो, १३० च्या आसपास येतं. चिकमगळूरच्या बियांचा कडूपणा होता असं मी जे समजत होतो तो निम्मा आमच्या बोअरचा होता. दोन महिन्यांनी हलकं डिस्केलिंग, म्हणजे ॲसिडनं क्षार काढणं, वीस मिनिटांच्या वर नाही. आठवड्याला आंधळी (बिनभोकाची) बास्केट लावून बॅकफ्लश, म्हणजे पाणी उलटं फिरवून ग्रुप आतून धुणं, पण तो तीन तोंडांचा व्हॉल्व्ह असलेल्या मशीनलाच करायचा, नाहीतर प्रेशर सुटायला जागाच नसते.

अण्णांना पाचपैकी चार. अर्धा उद्या-उद्याचा कापला, अर्धा पिवळ्या ग्रीसचा. टचस्क्रीनवाली फुल ऑटोमॅटिक मशीनं त्यांच्याकडं नेऊ नका, बोर्डाचं काम ते करत नाहीत आणि तसं तोंडावर सांगतात. जाताना टाकी रिकामी करून न्या, गॅस्केट आधीच मागवून ठेवा, आणि पोर्टाफिल्टर सोबत घ्या, मी विसरलो होतो तर भर दुपारी ४२ डिग्रीत जुळे सोलापूर ते अशोक चौक अजून एक फेरी पडली.