गणपतीत पडद्यावर काय लावायचं: ‘बनवाबनवी’, ‘झपाटलेला’ की ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’?

सोसायटीच्या गणेशोत्सवात एक संध्याकाळ सिनेमाची असते, आणि कोणता लावायचा यावरून बैठकीत दरवर्षी तीन नावं निघतात: ‘अशी ही बनवाबनवी’ (१९८८), ‘झपाटलेला’ (१९९३) आणि ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ (२००९). तिन्ही लोकांचे लाडके, पण प्रत्येकावरचं प्रेम वेगळ्या कारणाचं आहे. ते कारण कळलं की आपल्या मांडवाला कोणता जमेल हेही कळतं. ‘बनवाबनवी’ कानांनी बघायचा सिनेमा आहे, ‘झपाटलेला’ डोळ्यांनी बघायचा आणि ‘फॅक्टरी’ शांतपणे.

‘बनवाबनवी’ची गोष्ट भाड्याच्या खोलीची आहे. पुण्यात चार मित्रांना जागा मिळत नाही आणि लीलाबाई काळभोरांना भाडेकरू हवेत ते लग्न झालेले. मग सुधीरची सुधा होते नि परश्याची पार्वती. पागडी, डिपॉझिट, घरमालकाच्या अटी यांतून गेलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. पण पस्तीसहून जास्त वर्षं लोक तो पुन्हा पुन्हा बघतात ते वसंत सबनीसांच्या संवादांसाठी.

सत्तर रुपयांचाच प्रसंग घ्या. आधीचे घरमालक सरपोतदार यांना मधुमेह, आणि चौघांतल्या धनंजय मान्यांनी इस्रायलचं औषध आणून देतो म्हणून त्यांच्याकडून सत्तर रुपये घेतलेले. औषध आणणारा माणूस वारला, असं माने सांगतात. सरपोतदार पैशांचं विचारतात, तर तेही ‘वारले’. माने झालेले अशोक सराफ हे सुतकी चेहऱ्याने म्हणतात आणि सरपोतदार झालेले सुधीर जोशी क्षणभर ते खरंच धरतात. गंमत व्याकरणात आहे. ‘वारले’ हे क्रियापद आपण माणसासाठी, तेही आदराने अनेकवचनात वापरतो. ‘रुपये’ही अनेकवचनी. त्यामुळे वाक्य व्याकरणात चपखल बसतं आणि अर्थात कोसळतं. हे दुसऱ्या भाषेत नेताच येत नाही, म्हणून सबटायटल वाचणाऱ्या अमराठी शेजाऱ्याला शेजारचे का हसताहेत ते कळत नाही. सोसायटीत अशी घरं बरीच असतील तर हा मुद्दा जमेत धरा.

मांडवात ‘बनवाबनवी’ फसतो तो आवाजामुळे. लोकांना संवाद पाठ असतात, ते नटाच्या आधी बोलतात, मग हशा होतो आणि त्यात पुढचं वाक्य बुडतं. लहानपणापासून बघणाऱ्याचं काही बिघडत नाही, पहिल्यांदा बघणाऱ्याचा मात्र धागा सुटतो. त्यात भाद्रपदातला पाऊस पत्र्याच्या शेडवर पडू लागला की संपलंच. वर छप्पर पत्र्याचं असेल आणि स्पीकरची सोय साधी असेल तर हा सिनेमा लावू नका. सभागृह असेल तर पहिली पसंती याला, दुसरा विचार नको. आजीपासून कॉलेजातल्या पोरांपर्यंत सगळ्यांना एकाच जागी हसवणारा असा सिनेमा आपल्याकडे विरळा. पार्वतीचं डोहाळजेवण आणि ‘कुणीतरी येणार येणार गं’ सुरू झालं की मागच्या रांगाही गाऊ लागतात, तेवढ्यासाठी तरी तो भरल्या घरात बघायला हवा.

‘झपाटलेला’चं उलट आहे. महेश कोठारेंच्या या सिनेमात मरता मरता तात्या विंचू हा गुंड मंत्राच्या जोरावर बाहुल्यात शिरतो, आणि बाहुला येतो लक्ष्याच्या, म्हणजे लक्ष्मीकांत बेर्डेंच्या हातात. बाहुल्यातून सुटायचं तर त्याला लक्ष्याच्याच शरीरात शिरावं लागणार. लक्ष्या जिवाच्या आकांताने सांगतो, पण मोठ्या माणसांपैकी कोणी ऐकत नाही. मुलांना हा सिनेमा एवढा का आवडतो त्याचं मूळ इथे आहे: खरं काय ते मुलांना माहीत असतं, पडद्यावरच्या मोठ्यांना नसतं. म्हणून पोरं उठून ओरडतात, लक्ष्याला सावध करतात. या गोंगाटाने काही बिघडत नाही, कारण कथा चित्रावर चालते. मराठी न येणाऱ्यालाही ती कळते.

शब्दभ्रमकार रामदास पाध्यांनी घडवलेला तो बाहुला आजही जिवंत वाटतो. डोळे फिरतात, जबडा हलतो, नजर कोणाकडे आहे ते नेमकं कळतं. लक्ष्मीकांत बेर्डे त्याच्याकडे लाकूड म्हणून कधी बघतच नाहीत, समोर माणूस असल्यासारखे घाबरतात. बोलक्या बाहुल्याचा खेळ खरा वाटतो तो निम्मा समोरच्या नटामुळे. ‘बनवाबनवी’त बेर्डे चौघांतले एक आहेत, इथे सगळा भार त्यांच्यावर. लक्ष्या आवडणाऱ्यांनी हाच निवडावा.

इथली अडचण उजेडाची. महत्त्वाचे प्रसंग रात्रीचे आहेत. मांडवाची रोषणाई चालू राहिली किंवा रस्त्यावरचा दिवा पडद्यावर पडला, तर बाहुला दिसतच नाही, नुसता आवाज येतो. पडदा मखराच्या समोर लावू नका, काटकोनात लावा, म्हणजे समई आणि आरास तशीच ठेवता येते. आणि पाचच्या आतली मुलं खरंच घाबरतात. पालकांना आधी सांगून ठेवा.

‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ हा परेश मोकाशींचा पहिला सिनेमा, ऑस्करसाठी भारतातर्फे गेलेला. दादासाहेब फाळक्यांचं सिनेमाचं वेड, त्यापायी आलेलं डोळ्यांचं दुखणं, लंडनवारी, आणि ३ मे १९१३ ला गिरगावातल्या कोरोनेशन थिएटरमध्ये लागलेला त्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’, हे सगळं फाळके झालेले नंदू माधव खेळकरपणे दाखवतात. विभावरी देशपांड्यांच्या सरस्वतीबाई नवऱ्याच्या मागे नव्हे, बरोबरीने उभ्या आहेत. बाई मिळाली नाही म्हणून फाळक्यांच्या सिनेमात तारामती झालेल्या साळुंक्यांना बघून ‘बनवाबनवी’ आठवतोच. पण यातली मजा हळू चढते. दोनशे माणसांच्या मांडवात, प्रसादाच्या द्रोणांच्या आवाजात तो वाया जातो. पन्नासेक माणसं आणि दहा-बारा वर्षांपुढची मुलं असतील तर उत्तम. लांबीही सोयीची, दीड तासाच्या आसपास.

वेळेचं गणित आधी करा. उघड्यावर रात्री १० नंतर ध्वनिक्षेपक चालत नाही. उत्सवातल्या काही दिवशी १२ पर्यंत सवलत असते, त्या तारखा जिल्हा प्रशासन जाहीर करतं. एरवी पहिले दोन्ही सिनेमे दोन तासांहून मोठे, मध्यंतर धरून अडीच तास लागतात. म्हणजे आरती सातला उरकून साडेसातला सुरुवात हवी. आरती आठला असेल तर सव्वाआठला सुरू होऊन वेळेत संपणारी ‘फॅक्टरी’च.

घरचं ओटीटी सदस्यत्व किंवा विकत घेतलेली डीव्हीडी घरी बघण्यापुरती असते. चारचौघांत दाखवायला हक्क ज्यांच्याकडे आहेत त्यांची लेखी परवानगी लागते. हे पत्र महिनाभर आधी टाका, आणि ज्या सिनेमाची परवानगी वेळेत आली तोच पक्का करा.

जुन्या दोन सिनेमांची मिळणारी प्रत बऱ्याचदा चौकोनी असते. प्रोजेक्टर ती ताणून रुंद करतो आणि सगळे नट आडवे दिसतात. सेटिंगमध्ये रुंदी-उंचीचं प्रमाण ४:३ ठेवा, दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहू देत. ३,००० ल्युमेनचा (ल्युमेन म्हणजे उजेडाचं माप) प्रोजेक्टर अंधारात दहा फूट रुंदीला पुरतो, पण या प्रतींना आठ फुटांच्या वर जाऊ नका, चित्र फाटतं. लॅपटॉपची एचडीएमआय वायर लावल्यावर आवाज प्रोजेक्टरच्या इवल्या स्पीकरातून येऊ लागतो. लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये आवाज हेडफोनच्या जॅकवर वळवा आणि तिथून वेगळी वायर साउंड मिक्सरला न्या. स्पीकर पडद्याच्या दोन्ही बाजूंना ठेवा, मागे नको.

आदल्या रात्री एकाने शेवटच्या रांगेत बसावं. ‘बनवाबनवी’ असेल तर सत्तर रुपयांचा प्रसंग लावा आणि पंखे चालू ठेवा: ‘वारले’ स्वच्छ ऐकू आलं तर आवाज पुरेसा आहे. ‘झपाटलेला’ असेल तर रात्रीचा प्रसंग लावून बाहुल्याचे डोळे कुठे बघताहेत ते ओळखता येतं का पाहा.